११ए मागण्याआधी विमान कुठलं आहे ते विचारा

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडाल्या उडाल्या पडलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच माणूस जिवंत राहिला आणि त्याची सीट होती ११ए. झालं, तेवढं पुरलं. त्यानंतर लोकांना अचानक ११ए पाहिजे झाली, जास्तीचे पैसे मोजून पण. त्यात थायलंडमधल्या एका गायकानं सांगितलं की १९९८ च्या अपघातातनं मी वाचलो तेव्हा माझी पण सीट ११एच होती, मग तर व्हॉट्सअॅपवर विचारूच नका. आता कोल्हापूरचं कुणी पहिल्यांदा विमानानं जायला निघालं की तिकीट काढून देणाऱ्या पोराला हळूच विचारतंय, "११ए हाय का रं शिल्लक?"

गंमत बघा, उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरनं, जे एटीआर नावाचं छोटं विमान उडतं त्यात ११ए ही सीट बरोब्बर मधोमध येते, म्हणजे दरवाज्यापासून जवळजवळ सगळ्यात लांब. आणि बोइंग ७३७ च्या बऱ्याच विमानांत त्या रांगेच्या आसपास डाव्या बाजूला खिडकीच नसते, कारण एसीच्या हवेचा पाइप तिथनं भिंतीतून वर जातो. खिडकीचे पैसे भरायचे आणि तासभर प्लॅस्टिककडं बघत बसायचं. म्हणून नंबर पाठ करण्यापेक्षा नंबरामागं काय असतं ते जरा मुळापासनं बघू.

नंबर आणि अक्षर कसं वाचायचं

आकडा म्हणजे रांग, पायलटच्या बाजूनं मोजायला सुरुवात. अक्षर म्हणजे त्या रांगेतली जागा, डावीकडून उजवीकडं. मुंबई-पुण्याहून दिल्लीला जाताना जे एअरबस ए३२० मिळतं त्यात दोन्ही बाजूला तीन-तीन सीट असतात, ए बी सी, मध्ये चालायची वाट, मग डी ई एफ. ए आणि एफ खिडकी, सी आणि डी वाटेकडची, बी आणि ई बिचारे मधले.

कोल्हापुरात उतरणारी विमानं बहुतेक लहान असतात, एटीआर ७२ नाहीतर एम्ब्रेअर. एटीआर म्हणजे ते पंख्याचं, इंडिगोकडं आहे ते ७८ सीटचं. एम्ब्रेअर १७५ हे छोटं जेट. दोन्हीत दोन-दोन सीट, म्हणजे मधली सीट हा प्रकारच नाही, निम्मं भांडण तिथंच मिटलं. अक्षरं मात्र कंपनीप्रमाणं बदलतात, कुणी ए सी डी एफ देतं, कुणी सरळ ए बी सी डी, त्यामुळं "मला बी नको" असं आधीच ठरवू नका, सीटचा नकाशा उघडून बघा. आणि एम्ब्रेअर १४५ आलं तर अजून वेगळं, एका बाजूला एकच सीट आणि दुसऱ्या बाजूला दोन. एकट्यानं जाणाऱ्याला ती एकटी सीट म्हणजे खिडकी पण आणि वाट पण, लईच भारी.

तिकीट काढताना विमानाचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. ते वाचा. पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

पण मागची सीट सगळ्यात सुरक्षित असते म्हणतात ना?

म्हणतात, आणि अगदीच हवेतलं पण नाही. पॉप्युलर मेकॅनिक्स नावाच्या अमेरिकन मासिकानं २००७ मध्ये १९७१ पासूनचे २० अपघात काढून बघितले, त्यात मागच्या भागातले ६९ टक्के लोक वाचलेले आणि अगदी पुढचे ४९ टक्के. २०१५ मध्ये टाइम मासिकानं तसाच हिशोब केला, त्यात मागच्या एक तृतीयांश भागात मृत्यूचं प्रमाण ३२ टक्के, मध्ये ३९ आणि पुढं ३८. परवाच्या घटना बघितल्या तरी, डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या मुआनला विमान भिंतीवर आदळलं, १८१ पैकी दोघेच वाचले, दोघेही कर्मचारी आणि दोघेही शेपटीकडं बसलेले. त्याच आठवड्यात अझरबैजानचं विमान कझाकस्तानात पडलं, ६७ पैकी २९ वाचले, तिथं पण शेपटीचा भाग तुटून बाजूला पडला आणि वाचलेले बरेचसे त्याच भागातले.

आता उलटी बाजू. १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं विमान उतरताना मोडलं, २९६ पैकी १८४ वाचले, त्यातले बरेच पंखाच्या थोडं पुढं बसलेले होते, शेपटीकडच्यांचे हाल झाले. १९८५ ला इंग्लंडात मँचेस्टरला विमान उडायच्या आधीच डाव्या इंजिनाला आग लागली, आग आणि धूर मागच्या बाजूनं आत शिरला, ५५ माणसं गेली, आणि मागं बसलेल्यांना सगळ्यात जास्त फटका बसला. अपघात नाकावर झाला तर शेपूट बरं, आग मागं लागली तर पुढचं बरं. घरातनं निघताना अपघात कुठल्या बाजूनं होणार हे काय कुणाला माहीत असतंय?

अहमदाबादच्या त्या माणसाचा सख्खा भाऊ त्याच ११ नंबरच्या रांगेत पलीकडच्या बाजूला होता. तो गेला. वाचलेल्यानं सांगितलं की त्याच्याकडची बाजू, विमान ज्यावर पडलं त्या हॉस्टेलच्या तळमजल्याजवळ येऊन पडली, शेजारचं दार तुटलं होतं, तिथनं तो बाहेर आला, आणि दुसऱ्या बाजूला इमारतीची भिंत होती. रांग तीच, नंबर तोच. ११ ला काय पुण्य असतं तर दोघांना मिळालं असतं.

आणि ही टक्केवारी वाचताना एक ध्यानात ठेवा, ही फक्त ज्या अपघातांत काही लोक गेले आणि काही वाचले त्यांचीच आहे. बाकीची लाखो विमानं गुपचूप उतरतात, तिथं १एला बसलेला आणि ३०एफला बसलेला दोघेही बॅगेची वाट बघत सारखेच वैतागतात. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. सुरक्षेचीच काळजी असेल तर पुण्याचं विमान पकडायला रात्री दोन वाजता हायवेनं बुंगाट निघालेल्या गाडीत पट्टा लावला का, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे असं माझं मत.

मग जिवासाठी काहीच बघायचं नाही का?

बघायचं की, दार बघायचं. लंडनच्या ग्रिनिच विद्यापीठातले प्राध्यापक एड गलिया यांनी शंभरावर अपघातांतल्या जवळपास दोन हजार वाचलेल्या लोकांचे अनुभव तपासले, त्यात एक गोष्ट पुढं आली की वाचलेली माणसं बहुतेक वेळा दारापासून पाच रांगांच्या आत होती. त्याच्या पलीकडं जसजसं लांब तसतसं अवघड होत जातं. आणि विमान बनवणाऱ्याला सर्टिफिकेट मिळवायला दाखवून द्यावं लागतं की निम्मी दारं बंद असताना सगळी माणसं ९० सेकंदात बाहेर पडतात. म्हणजे खेळ सगळा पहिल्या दीड मिनिटाचा.

आता आपल्या विमानांत दारं कुठं आहेत? एटीआरमध्ये आपण चढतो ते दार मागं, त्याच्या समोर दुसरं दार, आणि संकटात वापरायची दोन छोटी दारं अगदी पुढं पहिल्या रांगेजवळ. मध्ये काही नाही. एम्ब्रेअर १७५ मध्ये दोन पुढं, दोन मागं, पंखावर दार नाही. म्हणून म्हटलं की कोल्हापूरच्या विमानात ११ए मागणारा माणूस खिशातले पैसे देऊन दारापासून लांब जातोय. ए३२० मध्ये मात्र पंखावर दारं असतात, साधारण १२-१३ नंबरच्या रांगेला, तिथं ११ए बरी. असा हा एकाच नंबराचा तीन विमानांत तीन तऱ्हेचा हिशोब.

बसल्या बसल्या आपल्यापुढं आणि मागं दारापर्यंत किती सीट आहेत ते मोजून ठेवा, धुरात दिसत नाही, हातानं पाठी चाचपत जावं लागतं. हवाई सुंदरी हात हलवून दाखवते तेव्हा मोबाइल खाली ठेवा, एक मिनिटाचं काम आहे. आणि बॅग घ्यायची नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदाला जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं, संपूर्ण जळून खाक झालं, पण आतले ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले, बॅगा सोडून. आपल्याकडं चाकं जमिनीला लागायच्या आत वरचे कप्पे उघडायला उठणारी मंडळी बघितली की मला हे विमान आठवतंय.

इमर्जन्सीची रांग, पाय पसरायला जागा

दाराजवळच्या रांगेत पाय ठेवायला जास्त जागा सोडावी लागते, म्हणून उंच माणसांची तिच्यावर नजर असते. इथं एक शब्द कळून घ्या, सीट पिच. म्हणजे एका सीटवरच्या एखाद्या जागेपासून पुढच्या सीटवरच्या त्याच जागेपर्यंतचं अंतर. साध्या क्लासमध्ये ते २८ ते ३२ इंच असतं, २८ म्हणजे गुडघा पुढच्याच्या पाठीला आणि ३२ म्हणजे जरा श्वास.

पण ती रांग फुकटची चैन नाही. वेळ आली तर दार तुम्ही उघडायचंय, म्हणून लहान मुलं, गरोदर बायका, हातापायानं अधू किंवा फार वयस्कर माणसं यांना तिथं बसू देत नाहीत, पैसे भरले असले तरी उठवतात. आईबाबांना पाय पसरायला मिळावेत म्हणून प्रेमानं हीच सीट घेणारी पोरं असतात आणि मग दारात वादावादी. तिथं हातातली पिशवी पण पायाशी ठेवता येत नाही, वर टाकावी लागते. आणि तिच्या अगदी पुढच्या रांगेची पाठ बऱ्याचदा मागं जात नाही, दाराची वाट अडू नये म्हणून. विमानातल्या शेवटच्या रांगेचं पण तेच, पाठीमागं भिंत आणि भिंतीपलीकडं संडास. त्या रांगेविषयी मी एवढंच म्हणीन की नाक बंद असेल तर घ्या.

धक्के कुठं कमी लागतात?

कोल्हापूरच्या माणसाला हे समजावायची गरजच नाही. गगनबावड्याच्या एसटीत शेवटच्या बाकड्यावर बसून बघा आणि मग चाकांच्या मध्ये बसून बघा. शेवटचा बाक मागच्या चाकाच्या पण मागं लटकलेला, त्यामुळं खड्डा आला की बसलेला माणूस टपावर आपटून येतो, मधला मात्र नुसता हलतो. विमानात पण तसंच, फक्त चाकाच्या जागी पंख समजा. विमानाचं वजन साधारण पंखांच्या जवळ तोललेलं असतं, हवेचा धक्का बसला की नाक आणि शेपूट त्या मधल्या जागेभोवती वरखाली होतात. जितकं टोकाला तितका झोका मोठा, आणि शेपूट लांब असल्यामुळं मागं जास्तच. म्हणून ज्यांना मळमळतं, भीती वाटते, त्यांनी पंखाच्या आसपास बसावं. झालं इथं भांडण, दारासाठी टोक बरं आणि पोटासाठी मध्य बरा. धक्के रोजचे, अपघात लाखो उड्डाणांत एखादा, त्यामुळं उलटीचा त्रास असणाऱ्यानं मी तर मध्यच घ्या म्हणेन.

एटीआर जेटसारखं ३५ हजार फुटांवर जात नाही, २५ हजारांच्या आतच उडतं, त्यामुळं पावसाळ्यात सह्याद्रीवरच्या ढगांशी त्याची जास्त गाठ पडते आणि हलतं पण जास्त. हललं म्हणजे पडलं असं नसतं, विमान याच्या कितीतरी पट धक्क्याला बनवलेलं असतं. जखमी होतात ते पट्टा न लावलेले. २१ मे २०२४ ला लंडन-सिंगापूर विमान अचानक खाली ओढलं गेलं, एक प्रवासी गेला आणि बरेच लोक छताला आपटून जखमी झाले. डोक्यावरचा पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सैलसर लावूनच ठेवायचा, सीट कुठली पण असू दे.

आवाजाचं पण बघून घ्या. एटीआरचे पंखे पुढच्या भागाच्या बाजूला येतात त्यामुळं पुढच्या काही रांगांत घरघर जास्त आणि मागं कमी. पंखाखाली इंजिन असलेल्या जेटमध्ये उलटं, पुढं शांत. एम्ब्रेअर १४५ ची इंजिनं शेपटीला, तिथं मागं बसलात तर शेजाऱ्याशी बोलायचं राहू द्या.

खिडकी की वाटेकडची?

यात मी उघड पक्षपाती आहे, तासाभराचा प्रवास असेल तर खिडकीच. एटीआरचे पंख छताच्या वर असतात, त्यामुळं जवळपास कुठल्याही खिडकीतून खालचं दिसतं, आणि मधल्या रांगांत बसलं तर चाक बाहेर येताना, टेकताना दिसतं, पोरं खुळी होतात बघून. मुंबईला जाताना विमान उत्तरेला तोंड करून जातं, म्हणजे डाव्या हाताला सह्याद्रीचे कडे आणि पलीकडं कोकण, उजवीकडं देशावरची शेतं. म्हणून जाताना ए, येताना एफ. ऊन मात्र जाताना सकाळी उजवीकडं आणि संध्याकाळी डावीकडं, त्यामुळं संध्याकाळच्या विमानात डोळ्यावर ऊन घेऊन सह्याद्री बघायची तयारी ठेवा. उजळाईवाडीहून पश्चिमेकडं उड्डाण झालं तर शहर उजव्या बाजूला राहतं, नशिबात असेल तर रंकाळा पण दिसतो. वारा पूर्वेचा असेल आणि तिकडं तोंड करून उडालं तर शहर मागं राहिलं, त्याला कुणी काही करू शकत नाही.

चार तासांच्या वरचा प्रवास असेल तर माझं मत बदलतं. इतका वेळ पाय न हलवता बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते, आणि खिडकीतला माणूस दोघांना उठवायला नको म्हणून पाणीच पीत नाही आणि उठत पण नाही. ज्यांना आधी असा त्रास झालाय, ऑपरेशन झालंय, लघवीला वारंवार जावं लागतं, त्यांनी वाटेकडची घ्यावी आणि डॉक्टरला विचारून निघावं. सर्दी-तापाची धास्ती असणाऱ्यानं मात्र खिडकी, कारण येणारे-जाणारे सगळे वाटेकडच्याला घासून जातात. आणि मधली सीट नशिबी आली तर दोन्ही हात ठेवायच्या दांड्या मधल्याच्या, हा अलिखित कायदा आहे, बाजूच्यांनी गुमान मान्य करावा.

लवकर उतरायचं म्हणून पुढची सीट घेणाऱ्यांनी पण विमान बघा. एटीआरचं दार मागं आहे, त्यामुळं पैसे भरून पहिल्या रांगेत बसलेले साहेब सगळ्यात शेवटी उतरतात आणि मागनं चढलेली आजी तोपर्यंत रिक्षा ठरवत असते.

पण सीटचे पैसे द्यावेच लागतात का?

नाही. वेबसाइटवर चेक-इन करताना बऱ्याच सीटवर किंमत दिसते आणि माणसाला वाटतं की घेतल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही. खाली कुठंतरी बारीक अक्षरात सोडून द्यायचा पर्याय असतो. सीट निवडली नाही तर कंपनी जी उरेल ती फुकट देते, तुम्हाला उभं राहून नेत नाहीत. फक्त ती कुठली असेल ते त्यांच्या हातात, आणि नवरा पाचव्या रांगेत, बायको सतराव्या, असं पण होतं. काही जोडप्यांना ते बरं पण वाटत असेल, आपण काय बोलावं.

लहान मुलांचं मात्र वेगळं आहे. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायची. म्हणून सगळ्यांचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा, वेगवेगळं काढलं तर कंपनीला कळायला मार्ग नाही. एवढं करूनही मुलगा लांब पडला तर काउंटरवर हा नियम सांगा. विमानात चढून शेजारच्याला "जरा उठता का" म्हणण्यापेक्षा ते सोपं, कारण त्यानं कदाचित त्या खिडकीचे पैसे भरलेले असतात.

पैसे कधी द्यावेत? माझा हिशोब असा, तासाभराच्या कोल्हापूर-मुंबईला दोन-दोन सीटच्या विमानात देऊ नयेत, निम्म्या सीट खिडकीच्या, निम्म्या वाटेकडच्या, वाईट अशी फार थोडी. बऱ्याच कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं, तेव्हाच करून टाका म्हणजे सगळे एकत्र मिळायची शक्यता जास्त. रात्रभराचं परदेशी विमान असेल, सोबत म्हातारी माणसं असतील किंवा तुमची उंची सहा फूट असेल तर मात्र द्या, तिथं कंजुषी केली की दहा तास भोगायचं.

समोर आख्खी रांग मोकळी आहे, जाऊन बसू का?

दार बंद झालं की लोक लगेच उठून मोकळ्या सीटवर जातात, एसटीची सवय. लहान विमानात हे चालत नाही आणि त्याला कारण आहे. उडायच्या आधी प्रवासी, बॅगा, इंधन या सगळ्याचं वजन पुढं किती आणि मागं किती याचा कागद तयार होतो, त्यावरून शेपटीच्या पंखांचं सेटिंग किती ठेवायचं ते ठरतं, याला ट्रिम म्हणतात. १८० जणांच्या विमानात दोघं हलले तर फरक फार नाही, पण ७८ च्या विमानात अर्धी माणसं असताना दहा जण मागं गेले तर तो कागदच चुकतो. एटीआर जमिनीवर उभं असताना शेपटीखाली टेकू लावलेला दिसेल, मागच्या दारातून एकदम गर्दी चढली की शेपूट खाली बसू नये म्हणून. त्यामुळं विमान कमी भरलेलं असताना कधीकधी कर्मचारी उलट तुम्हालाच सांगतात की चौघांनी मागं जाऊन बसा. तेव्हा "मी पैसे दिलेत" म्हणून अडून बसायचं नाही.

उड्डाण झालं, पट्ट्याचा दिवा विझला की मग विचारायचं, नीट विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात. जास्त पैशाच्या पुढच्या रांगा आणि इमर्जन्सीची रांग सोडून. आणि उतरायच्या आधी परत आपल्या जागेवर जा म्हणाले तर जा.